बंद खाणीची भिंत : गाव-राखीव निसर्गक्षेत्राच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

साक्री तालुक्यातील आमच्या गावाच्या वायव्येला, गायरान संपते तेथे जुनी दगडाची खाण आहे. ती खाण आणि तिच्याभोवतीचे माळरान मिळून सुमारे चौदा एकर जागा गावाने राखीव निसर्गक्षेत्र म्हणून सांभाळावी, असा ठराव ग्रामसभेने गेल्या महिन्यात एकमताने केला. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. आमच्या गावातही ती होती, परंतु इतकी वर्षे ती कागदावरच राहिली, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. समितीची सचिव म्हणून या नोंदी ठेवण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.

ठरावात दोन उद्देश स्वतंत्र कलमांत दिले आहेत : खाणीचा आणि खाणकामगारांचा वारसा जपणे, आणि परिसरातील वन्यजीवांचे रक्षण करणे. त्यानुसार मीही वहीची दोन भागांत आखणी केली आहे. डाव्या पानावर वारशाचे काम आणि उजव्या पानावर वन्यजीवांच्या नोंदी लिहिल्या जातील. वर्षअखेरीस दोन्हींचा मिळून एक उत्सव करावा, असेही ठरले आहे. त्याची तारीख अद्याप निश्चित झालेली नाही.

२३ जून

काल रात्री पहिला दमदार पाऊस झाला. दगड धुऊन निघाला म्हणजे खाणीची भिंत जितकी स्पष्ट दिसते तितकी एरवी दिसत नाही, म्हणून सकाळी सातलाच पाहणीला गेलो.

धुळे-नंदुरबार भागात रस्त्याने जाताना शेतांतून एकदम वर उठलेल्या, काळ्या दगडाच्या अरुंद आणि लांबच लांब टेकड्या सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात. त्यांतील बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने दख्खनचे पठार घडले, त्याच काळात जमिनीच्या भेगांतून वर चढलेला शिलारस काही ठिकाणी भेगेतच थिजून राहिला. पुढे आजूबाजूचा तुलनेने मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतील टणक दगड भिंतीसारखा उघडा पडला. भूशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात आणि या पट्ट्यात अशा २०० हून अधिक डाइकची नोंद झालेली आहे. आमच्या गावात तिला नुसते ‘भिंत’ म्हणतात. भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकते आणि खालच्या अंगाच्या विहिरी आधी आटतात, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण जमिनीखालून वाहणारे पाणी ही भिंत अडवून धरते.

शिलारस थिजून आकसताना दगडाला जे तडे जातात, ते थंड होणाऱ्या बाजूशी काटकोनात जातात. पसरलेल्या लाव्ह्याचे खांब त्यामुळे उभे असतात, तर डाइकच्या दोन्ही बाजू उभ्या असल्याने तिच्यातील खांब आडवे पडतात. आमच्या खाणीत ते फार सुंदर दिसतात : पाच-सहा बाजूंचे, मांडीएवढे जाड दगडी खांब, घरामागे सरपणाची थप्पी रचावी तसे एकावर एक रचलेले, आणि आपल्याकडे फक्त त्यांची टोके वळलेली. आज प्रत्येक टोकावर पाण्याचा थेंब लोंबत होता. जेथे एखादा खांब काढून नेला आहे तेथे कोनाडा उरला आहे, आणि जेथे ओळीने खांब काढले आहेत तेथे हात-दीड हात रुंदीचा कट्टा तयार झाला आहे. असे सात कट्टे मी मोजले. नोंद डाव्या पानावर केली.

७ जुलै

खाणीत ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्या व्यक्तींच्या मुलाखतींना आज सुरुवात झाली. खाण बंद होऊन पंचवीस वर्षे झाली असल्याने हे काम तातडीचे आहे. गेल्या दोन वर्षांतच आम्ही चार माणसे गमावली.

येथे काम करणाऱ्यांत वडार कुटुंबे होती, भिल्ल आणि कोकणी या आदिवासी जमातींची कुटुंबे होती, तसेच पेरणी-कापणीच्या मधल्या काळात येणारे गावातील अल्पभूधारकही होते. वडारांमध्ये गाडी वडार, माती वडार आणि पाथरवट असे कामावरून पडलेले भेद आहेत. आमच्या गावात स्थायिक झालेली घरे पाथरवटांची आहेत आणि जाती, पाटे-वरवंटे, उखळी घडवणारे त्यांचे हात मी लहानपणी पाहिले आहेत. जात्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईची हाक दुपारच्या शांततेत गल्लीभर ऐकू येत असे.

ज्या वृद्ध बाबांपासून आम्ही आरंभ केला, त्यांनी बसून मुलाखत देण्यास नकार दिला आणि आम्हाला थेट खाणीतच नेले. भिंतीवर उभ्या, अर्धगोल खोबणी दिसतात. सुरुंगाची दारू भरण्यासाठी पाडलेल्या छिद्रांचा तो उरलेला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग फुटलेल्या दगडाबरोबर गेला. मला सगळ्या खोबणी सारख्याच वाटत होत्या. बाबांनी एकीत अंगठा ठेवून तो सावकाश खाली नेला आणि सांगितले की, ही हाताची आहे : एकाने पहार धरायची, प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायची आणि दुसऱ्याने घण घालायचा. त्यामुळे तिची कड किंचित लाटांसारखी राहते. यंत्राने पाडलेले छिद्र सरळ आणि गुळगुळीत असते. मग पाच पावले पुढे जाऊन छातीच्या उंचीवरच्या एका खोबणीपाशी ते थांबले आणि म्हणाले, “बाई, हाऊ मना शे.” म्हणजे, हा माझा आहे. तिची कड मीही बोटाने चाचपून पाहिली. सुरुंग लावण्यापूर्वी लाल झेंडी घेऊन गायरानाच्या वाटेवर उभा राहणारा मुलगा कोण होता, तेही त्यांनी सांगितले. तो आज आमच्या समितीचा सदस्य आहे आणि हे त्याने आम्हाला कधीच सांगितले नव्हते.

दुपारी एका आजींची मुलाखत झाली. बायकांचे काम खडी फोडण्याचे असे. दगड उडू नये म्हणून सायकलच्या जुन्या टायरचे कडे त्याच्याभोवती धरायचे आणि हातोडी घालायची. मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर मिळत असे, आणि माप मुकादम घेत असे. माप घेताना चौकट नेहमी शीगोशीग भरून घेतली जाई, वरची शीग हिशेबात धरली जात नसे, हे त्या कोणताही कडवटपणा न दाखवता सांगत होत्या. तरीही चाळीस वर्षांनंतर त्यांना ते नेमके आठवते. त्या म्हणाल्या, “दगड फोडी फोडी पोरे मोठा कयात.” म्हणजे, दगड फोडून फोडून पोरे मोठी केली. धुळीने जडलेला खोकला मात्र आजही त्यांना रात्री झोपू देत नाही. वारसा म्हणून जे जपायचे आहे त्यात हा खोकला आणि ती न मोजलेली शीगही आहे, अशी नोंद मी मुद्दाम करून ठेवते.

२१ जुलै

खाणीचा डोह भरला. सोनबेडकांचे नर पिवळेधमक होऊन काठावर ओरडत आहेत. टिबुकलीची एक जोडी आली आहे. खोल पाण्याचा धोका लक्षात घेऊन दक्षिणेची उतरंड काटेरी फांद्या लावून तात्पुरती बंद केली.

१८ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होईल.

एका देणगीदार संस्थेचे प्रतिनिधी जागा पाहण्यासाठी आले होते. खाणीचा तळ सपाट करून तेथे बाग करावी, डोहात कारंजे बसवावे, भिंतीवरचे सैल दगड पाडून ती सिमेंटने गुळगुळीत करावी आणि तिच्यावर वन्यप्राण्यांची रंगीत चित्रे काढावीत, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांचा हेतू चांगला होता आणि रक्कमही आमच्या दृष्टीने फार मोठी होती. समितीतील काही तरुण सदस्यांना ही कल्पना आवडली, आणि मी त्यांना दोष देत नाही. गावात मुलांना खेळायला बाग नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

भिंतीची उंची मोजण्यासाठी आम्ही पश्चिमेच्या बाजूने वर चढलो, तेव्हा वरून तिसऱ्या कट्ट्यावर चुन्याचे ओघळ ओतल्यासारखे पांढरे डाग दिसले. त्याच्या बरोबर खाली, कपारीत, करड्या रंगाचे, अंगठ्याएवढे जाड गोळे पडले होते. एक फोडून पाहिला तर आत केसांत गुंडाळलेले उंदराचे संपूर्ण जबड्याचे हाड निघाले. शृंगी घुबडाने गिळलेल्या भक्ष्याचा न पचलेला भाग असा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकलेला असतो. हा पक्षी घरटे बांधत नाही. दरीच्या कडेला, नदीच्या दरडीत किंवा खाणीतल्या कट्ट्यावर थोडी जागा उकरून तो थेट जमिनीवर अंडी घालतो. वरून झाकलेला, समोरून मोकळा आणि कोल्ह्या-कुत्र्याला चढता न येणारा कट्टा त्याला लागतो.

तो कट्टा बाबांच्या खोबणीच्या बरोबर वर आहे. १९८० च्या सुमारास ज्या टोळीने तेथले आडवे खांब पाचर मारून ओळीने काढले, त्या टोळीनेच ही जागा तयार केली, आणि खांब आडवे होते म्हणूनच ती अशी सपाट निघाली. संध्याकाळी वही उघडून बसले तेव्हा ही नोंद डाव्या पानावर लिहावी की उजव्या, हे मला ठरवता येईना. वारसा म्हणून खोबणी राखायच्या तर भिंत आहे तशी ठेवावी लागते. घुबड राखायचे तर तीच भिंत आहे तशी ठेवावी लागते. एका कलमासाठी तिला गिलावा केला तर दुसरे कलम त्याच दिवशी रद्द होते. आजपासून वहीतील दोन भाग मी बंद करीत आहे आणि सर्व नोंदी एकाच क्रमाने लिहिणार आहे.

समितीची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. प्रस्ताव आभारपूर्वक नाकारण्याचे ठरले. मुलांच्या बागेसाठी शाळेमागची पडीक जागा सुचवून तेवढ्यासाठी मदत मागणारे पत्र पाठवावे, असे सरपंचताईंनी मांडले आणि ते सर्वांना पटले.

८ सप्टेंबर

शाळेत मुलांकडून गोळे फोडून घेतले. गोळे कोमट पाण्यात भिजवून, दाभणाने केस बाजूला करून, हाडे पांढऱ्या कागदावर मांडली. सतरा गोळ्यांत उंदीर-घुशींची मिळून तेवीस कवट्यांची हाडे निघाली. त्याखेरीज एका पक्ष्याची चोच आणि दोन खेकड्यांच्या नांग्या मिळाल्या. ज्या मुलांच्या घरी बाजरी आणि मका आहे, ती या मोजणीत सर्वांत पुढे होती. मोजणीचा तक्ता मुलांनी घरी नेऊन दाखवला, आणि त्यानंतर दोन शेतकऱ्यांनी स्वतःहून येऊन उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकणे या हंगामात थांबवत असल्याचे सांगितले. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर घुबडही मरू शकते, हे त्यांना पटवावे लागले नाही.

मुलांनी विचारले की, हाच रानपिंगळा आहे का. खानदेशातील मुलांना रानपिंगळ्याची गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे, म्हणून उरलेला तास मी त्यासाठीच घेतला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत त्याचे नमुने मिळवले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तो कोणालाही दिसल्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. मधल्या काळातील १९१४ चा एक नमुना चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून तयार केलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला, तो आपल्या शेजारच्या शहाद्याजवळ. रानपिंगळा सागाच्या विरळ जंगलात राहतो आणि दिवसाही शिकार करतो. आमच्या खाणीत तो नाही. चिंचेच्या ढोलीत असतो तो साधा पिंगळा आहे आणि भिंतीवर आहे ते शृंगी घुबड आहे, हे मुलांना स्पष्ट सांगितले. थोडा हिरमोड झाला. पण कोतवालाच्या मुलीने लगेच विचारले की, शंभर वर्षे तो दिसला नाही तेव्हा तो कोठे होता. तो येथेच होता, त्याला पाहणारे नव्हते, असे उत्तर मी दिले.

६ ऑक्टोबर

आमच्या हातून चूक झाली. घाणेरी आणि वेडी बाभूळ काढण्यासाठी आज श्रमदान होते. पन्नास माणसे आली आणि उत्साहाने कामाला लागली. दुपारच्या जेवणापर्यंत मी डोहाच्या बाजूला होते. परत येऊन पाहते तो पूर्वेकडची मुरमाची दरड झाडझूड करून, फावड्याने तासून, अंगणासारखी सपाट केलेली होती. त्या दरडीत वेड्या राघूंची जुनी बिळे होती. हा पक्षी फेब्रुवारीनंतर मुरमाच्या किंवा वाळूच्या उभ्या दरडीत हातभर आणि त्याहूनही खोल बोगदा खणून त्यात अंडी घालतो. सध्या बिळे रिकामी होती, म्हणून पिले मेली नाहीत, एवढेच समाधान. कोणती जागा हात न लावता सोडायची हे सकाळीच खुणा करून सांगायला हवे होते आणि ते काम माझे होते.

वेडी बाभूळ तोडून भागत नाही, मुळासकट काढावी लागते. आज त्यातील तिसरा हिस्साच झाला. मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या पावसाळ्यात अंजन, खैर आणि धावड्याचे बी टोकायचे आहे. अंजन हे आमच्याकडचेच झाड आहे, त्याला खडकाळ जमीन चालते आणि उन्हाळ्यात त्याचा पाला जनावरांना उपयोगी पडतो. माळरानाचा गवताळ भाग मात्र तसाच राहील, तेथे झाडे लावली जाणार नाहीत. पवन्या आणि कुसळीच्या त्या पट्ट्यातच खोकडाची बिळे आहेत.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. अंधश्रद्धेपोटी दिवाळीच्या दिवसांत घुबडे पकडून विकली जातात, आणि ती मारणे किंवा पकडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. गेल्या आठवड्यात दोन अनोळखी माणसे मोटारसायकलवरून खाणीची चौकशी करून गेली होती. म्हणून तीन रात्री गस्त ठेवली. आज रात्री नऊ ते दोन या वेळात बाबा, त्यांचा नातू आणि समितीचे चार जण वाटेवर बसले होते. मी चहा आणि फराळ घेऊन गेले. कोणीही आले नाही. गावातील मुलांनी खाणीत फटाके वाजवण्याचे यंदा स्वतःहून टाळले. तेथे आवाज घुमतो म्हणून दरवर्षी सगळे तेथेच जमत असत.

पावणेबाराच्या सुमारास भिंतीवरून खोल, दोन ठोक्यांची साद आली आणि पलीकडच्या टेकडीवरून तिला उत्तर मिळाले. घरट्याची नेमकी जागा या वहीखेरीज कोठेही लिहायची नाही आणि तिचा फोटो कोणालाही पाठवायचा नाही, हा नियम सर्वांनी मान्य केला आहे.

२४ नोव्हेंबर

उत्सवाच्या तारखेवर आज वाद झाला. शिवजयंतीला जोडून फेब्रुवारीत तीन दिवस कार्यक्रम करावा, ध्वनिक्षेपक आणि ढोलपथक बोलवावे, असे बहुतेकांचे मत होते. हवा थंड असते, पाहुणे येतात, शेतीची कामेही आटोपलेली असतात. पण शृंगी घुबडाचा विणीचा काळ नेमका नोव्हेंबर ते एप्रिल आहे, आणि फेब्रुवारीत कट्ट्यावर लहान पिले असण्याचा संभव आहे. मादी उडून गेली तर पिले उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडी पडतात.

तोडगा एका वहिनींनी काढला. त्या म्हणाल्या की, ज्यांच्यासाठी उत्सव करायचा त्या खाणीवाल्यांच्या लेकी फेब्रुवारीत येथे नसतातच; त्या माहेरी येतात आखाजीला. अक्षय्य तृतीया यंदा ३० एप्रिलला आहे. तोपर्यंत पिले उडू लागलेली असतील. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी कार्यक्रम संध्याकाळी पाचनंतर ठेवायचा, ध्वनिक्षेपक लावायचा नाही आणि जागा भिंतीपासून दूर, जुन्या गाडीतळावर धरायची. खानदेशात आखाजीहून मोठा माहेरचा सण नाही, आणि ही गोष्ट आम्हाला आधी सुचली नाही याचे आश्चर्य वाटते.

१२ जानेवारी २०२५

पलीकडच्या टेकडीवरून दुर्बिणीने पाहिले. मादी कट्ट्यावर बसून आहे. कानांसारखी दिसणारी पिसांची शिंगे तेवढी दगडाच्या रेषेबाहेर आली होती. ती हलली नसती तर मला काहीच दिसले नसते. पश्चिमेची वाट एप्रिलअखेरपर्यंत बंद.

१६ फेब्रुवारी

समितीचे नऊ जण बारीपाड्याला जाऊन आलो. आमच्याच तालुक्यातील हे गाव, आणि तेथे जंगल राखण्याच्या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना यंदा पद्मश्री जाहीर झाल्यापासून तेथे पाहुण्यांची रीघ लागली आहे. उजाड झालेले जंगल गावाने स्वतः नियम करून आणि ते स्वतःच पाळून परत उभे केले. त्यांच्या जंगलाशी आमच्या चौदा एकरांची तुलना करता येणार नाही. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी वाटली : नियम थोडे ठेवायचे, ते सगळ्यांना तोंडपाठ असले पाहिजेत, आणि दंड गावातल्याला व पाहुण्याला सारखाच असला पाहिजे. परतताना गाडीतच आमचे पाच नियम ठरले. त्यांतील एक खनिज स्फटिकांबाबत आहे. डाइकला लागून असलेल्या सच्छिद्र खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइटचे पांढरे, पंख्यासारखे झुपके आहेत आणि जळगावकडच्या खाणींतून असे नमुने संग्राहकांकडे जातात, हे मुलांना कळले आहे. येथला एकही फोडून न्यायचा नाही.

९ मार्च

दोन पिले. पांढुरकी, फुगलेली, कट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणारी.

डोहाच्या दक्षिणेला कायमची भिंत घालण्याचे काम सुरू झाले. सिमेंट वापरायचे नाही. खाणीतच पडलेले डबर घेऊन कोरडी रचाई करायची. हे काम बाबांच्या देखरेखीखाली वडार वस्तीतील सहा जणांना बाजारभावाने दिले आहे. माप ब्रासवर आहे आणि ते दोन्ही बाजूंसमोर, फळी फिरवून, शीग उतरवून घेतले जाते. आजी मापाच्या वेळी मुद्दाम येऊन बसतात.

रचाई पाहण्यासारखी असते. बाबा दगड हातात घेऊन एकदा फिरवतात, सुतकीने, म्हणजे दगड घडवायच्या हातोडीने, एकच कोपरा उडवतात आणि ठेवतात. दुसऱ्यांदा उचलत नाहीत. मोठ्या दगडांमधल्या फटीत लहान चिप बसवताना तरुण मुले ती ठोकून घट्ट करू पाहतात, तेव्हा ते थांबवतात. चिप ठोकली तर वरचा दगड उचलला जातो, ती नुसती बसली पाहिजे. भिंतीत राहणाऱ्या पोकळ्यांतून तिसऱ्याच दिवशी सरडे आणि एक मुंगूस ये-जा करू लागले.

६ एप्रिल

वेडे राघू आले. तासलेल्या दरडीकडे ते फिरकले नाहीत. तिच्या उत्तरेला, फावडे पोहोचले नव्हते अशा दहा फुटांच्या तुकड्यात चार नवी बिळे आहेत. गेल्या वर्षी मी एकोणीस मोजली होती. तासलेला भाग पावसाळ्यापूर्वी पुन्हा उभा कापून देता येईल असे बाबांना वाटते. तो प्रयत्न पिले उडून गेल्यावर, जूनच्या अखेरीस करू.

घुबडाचे मोठे पिलू काल संध्याकाळी भिंतीवरून पळसापर्यंत उडाले. धाकटे अद्याप कट्ट्यावर आहे.

३० एप्रिल

आखाजी. सकाळी तळपत्या उन्हात सगळे घरी होते. पाचनंतर गाडीतळावर लोक येऊ लागले आणि सहापर्यंत पुरुषांइतक्याच बायका जमल्या. दोन मोठ्या बाभळींना झोके बांधले होते. घराघरांतून पुरणपोळ्या आणि आमरस आला. गौराईची गाणी झाली. ध्वनिक्षेपक नसल्याने गाणे ऐकायला प्रत्येकीला जवळ यावे लागले, आणि त्यामुळे वर्तुळ लहान व दाट झाले.

शाळेच्या मुलांनी घण, पहार, पाचर, सुतकी, छिन्नी, टायरचे कडे आणि मापाची चौकट मांडून ठेवली होती. प्रत्येक वस्तूजवळ एक मूल आणि ती वस्तू वापरलेले एक माणूस उभे होते. आजींनी खाली बसून खडी फोडून दाखवली. त्यांची सुरतला दिलेली लेक प्रथम हसत होती. नंतर तिने आईच्या हातातून हातोडी घेतली आणि तिच्याही हाताला ते काम येत असल्याचे सगळ्यांनी पाहिले. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती शेजारी बसून फोडत असे. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. लहान मुलांनी खाणीत काम केले, ही गोष्ट आम्ही आमच्या माहितीफलकावर लिहिली नव्हती. ती लिहावी लागेल.

अंधार पडल्यावर दिवे मालवले आणि सर्वांना दहा मिनिटे शांत बसण्याची विनंती केली. तीनशे माणसे बसली. सुमारे सहाव्या मिनिटाला मोठ्या पिलाचा कर्कश, अन्न मागणारा आवाज आला आणि पाठोपाठ नराची सावली डोहावरून गेली. झोक्याजवळच्या एका लहान मुलाने “ते काय?” असे विचारले आणि वीस जणांनी एकदम त्याला गप्प केले.

११ मे

उत्सवात लावलेल्या फलकावर खाणकामगारांची चौसष्ट नावे होती. ती मुलाखतींतून मिळालेली होती. गेल्या दहा दिवसांत लोकांनी आणखी एकोणीस नावे आणून दिली आहेत, त्यांतील अकरा बायकांची आहेत. हजेरी मुकादमाच्या वहीत घरातील पुरुषाच्या नावाने लागत असे, म्हणून ही नावे कोणत्याही कागदावर नव्हती. सुरतेच्या लेकीने जाण्यापूर्वी तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या पाच मुलींची नावे लिहून दिली. लोकजैवविविधता नोंदवहीत गावाच्या भूदृश्याची आणि लोकजीवनाची माहिती असते. या नावांसह खाणीची संपूर्ण नोंद तेथे घेण्याचा निर्णय समितीने केला आहे.

नावे पत्र्यावर रंगवून घ्यावीत, असा विचार होता. बाबांनी तो मान्य केला नाही. कोरड्या भिंतीच्या प्रवेशाशी त्यांनी एक पाच फुटी खांब निवडून बाजूला ठेवला आहे, त्याची एक बाजू साफ करून घेतली आहे, आणि अक्षरे आम्ही खडूने आखून दिली तर कोरण्याचे काम ते स्वतः करतील. दिवसाला दोन नावे होतील, असा त्यांचा अंदाज आहे. दक्षिणेच्या भिंतीची तीस फूट रचाई अद्याप बाकी असून ती पावसाआधी पुरी करायची आहे, त्यामुळे सकाळी रचाई आणि उन्हे उतरल्यावर कोराई, असे वेळापत्रक ठरवले. उद्या सकाळी खडू आणि ओळंबा घेऊन जायचे आहे.